रब्बीच्या स्वभावाचं गवत: फेदर रीड ग्रास निवडताना, लावताना

न्यू जर्सी असो, शिकागो असो, टोरांटो नाहीतर म्युनिक; ऑफिसच्या आवाराच्या कडेनं किंवा मॉलच्या पार्किंगमधल्या दुभाजकात एक उंच, सरळसोट गवत ओळीनं उभं दिसतं. जूनमध्ये त्याला गुलाबी-जांभळट तुरे येतात. जुलै संपेपर्यंत ते पिकलेल्या गव्हाच्या रंगाचे होतात आणि पुढे बर्फ पडला तरी तसेच ताठ राहतात. हे फेदर रीड ग्रास, आणि बहुतेक वेळा त्याची एकच जात: ‘कार्ल फोर्स्टर’.

पार्किंगमध्ये ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तेच गवत घरच्या बागेत आणलं की कधी लोळतं, कधी मधोमध वाळतं, कधी तांबेऱ्यानं, म्हणजे पानांवर नारिंगी भुकटी आणणाऱ्या बुरशीनं, माखतं. रोप वाईट निघालं असं वाटतं. खरं तर या गवताचं वेळापत्रक आपण ओळखलेलं नसतं. ते शेतीच्या भाषेत सांगितलं तर पटकन कळतं: हे रब्बीच्या स्वभावाचं गवत आहे, आणि आपण त्याला खरिपाच्या गवतासारखं वागवतो.

गवताच्या कुळात ढोबळमानानं दोन स्वभाव आहेत. ऊस, ज्वारी, मका, गवती चहा, वाळा ही उन्हाची मंडळी. २७ ते ३५ अंश सेल्सियसला त्यांची वाढ जोरात असते आणि थंडी पडली की ती आखडतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘सी-४’ म्हणतात, कारण हवेतला कार्बन पकडताना त्यांच्या पानात तयार होणाऱ्या पहिल्या स्थिर पदार्थात कार्बनचे चार अणू असतात. गहू आणि बार्ली ‘सी-३’ गटातली. १५ ते २४ अंश ही त्यांची सुखाची हवा. (भातही सी-३ आहे, पण तो उष्ण प्रदेशात रुळलेला. म्हणून उदाहरण गव्हाचंच धरू.) फेदर रीड ग्रास गव्हाच्याच उपकुळातलं. मार्चमध्ये जमीन वितळते न वितळते तोच त्याला कोंब येतात, एप्रिल-मे हा त्याचा भर, जूनमध्ये ते निसवतं, म्हणजे तुरे बाहेर काढतं, आणि ऐन उन्हाळ्यात वाढ जवळजवळ थांबवून नुसतं उभं राहतं. सप्टेंबरच्या गारव्यात मुळं पुन्हा कामाला लागतात.

शेजारच्या वाफ्यात मिस्कँथस किंवा स्विचग्रास असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. ही दोन्ही उन्हाची गवतं. मिस्कँथस तर उसाच्या इतक्या जवळचं की दोघांचे संकर केले जातात. एप्रिलअखेर फेदर रीड ग्रासचा ठोंब हिरवागार, गुडघ्याइतका झालेला असतो, आणि हे दोघे अजून तपकिरी, मेल्यासारखे. छाटणी, खत आणि ठोंब फोडणं, तिन्ही कामांची वेळ या एका फरकावरून ठरते.

नाव आणि मूळ थोडक्यात सांगतो, कारण त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. शास्त्रीय नाव ‘कॅलामॅग्रॉस्टिस अक्युटिफ्लोरा’. ‘कॅलामॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये बोरू, आणि अरबीतून आपल्याकडे आलेला ‘कलम’ हा शब्दही त्याच्याशीच जोडला जातो. हे गवत म्हणजे युरोपातल्या दोन रानगवतांचा नैसर्गिक संकर आहे. एक, ‘अरुंडिनेसिया’, ठोंब धरून राहणारं. दुसरं, ‘एपिगेयॉस’, जमिनीखालून खोडं धाववत रान व्यापणारं. संकरानं ठोंब धरून राहण्याची शिस्त घेतली आणि धावण्याची खोड सोडली. कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) हे पोट्सडॅमजवळच्या बोर्निमचे रोपवाटिकाकार. बागेत गवतं लावण्याची रूढी जर्मनीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९३०च्या दशकात हॅम्बर्गच्या वनस्पती उद्यानात त्यांनी हे गवत हेरलं आणि १९३९च्या आपल्या सूचीत विक्रीला ठेवलं. पुढे अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशननं २००१ सालची सर्वोत्तम बहुवर्षायू वनस्पती म्हणून त्याची निवड केली.

आता व्यवहाराची गोष्ट. हा संकर वांझ आहे. तुरे येतात, पण त्यात रुजणारं बी धरत नाही. म्हणून ते बागेत किंवा रानात आपलं आपण पसरत नाही, आणि सगळीकडची ‘कार्ल फोर्स्टर’ ही एकाच झाडाची फोडून फोडून केलेली रोपं आहेत. यावरून एक साधी पारख मिळते. ‘कार्ल फोर्स्टरचं बी’ म्हणून कुणी पाकीट विकत असेल तर त्यात दुसरंच काहीतरी आहे. घेऊ नका. ते ‘एपिगेयॉस’ निघालं तर काढता काढता वर्षं जातील. रोपच घ्यावं, किंवा ओळखीच्या बागेतला फुटवा आणावा.

जातींमध्ये निवड करायची तर आधी ऊन मोजा, रंग नंतर. जिथे दिवसाला सहा तास थेट ऊन पडतं तिथे ‘कार्ल फोर्स्टर’च लावावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पानांचा झुबका ६० ते ९० सेंटिमीटर, तुऱ्यासकट उंची दीड ते पावणेदोन मीटर, आणि घेर मात्र जेमतेम ४५ ते ६० सेंटिमीटर. एवढी उंची इतक्या कमी जागेत देणारं दुसरं गवत सापडणं कठीण. ‘ओव्हरडॅम’ म्हणजे पानाला पांढरी किनार असलेली जात. वसंतात फार देखणी, पण बुटकी, वाढीला मंद, आणि दमट उन्हाळ्यात तिची पानं लवकर खराब होतात. ‘ॲव्हलांच’च्या पानात मधोमध पांढरा पट्टा असतो, ‘एल्डोराडो’च्या पानात पिवळा. ‘ॲव्हलांच’ ही मुळात कार्ल फोर्स्टरच्याच ठोंबात निघालेल्या वेगळ्या फुटव्यापासून आलेली. म्हणूनच अशा पट्टेरी ठोंबात अधूनमधून निव्वळ हिरवे फुटवे येतात. ते दिसताच मुळासकट उपटायचे. त्यांच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून वाढ जोरकस. ठेवले तर तीन-चार वर्षांत पट्टेरी भाग दाबून टाकतात.

झाडाच्या कडेला, तीन-चार तासच ऊन मिळत असेल तर यांपैकी काहीच न लावता कोरियन फेदर रीड ग्रास शोधा. नाव ‘ब्रॅकिट्रिका’, मूळ पूर्व आशियातलं. उंची मीटर-सव्वा मीटर, आणि तुरे सप्टेंबरमध्ये, म्हणजे ‘कार्ल फोर्स्टर’चे तुरे सोनेरी होऊन दीड महिना झाल्यावर. तुरा रुंद, मऊ, कोल्ह्याच्या शेपटीसारखा. सकाळी दव साठलं की पूर्ण झुबका रुपेरी-गुलाबी दिसतो. बागेत एवढं सुंदर दृश्य शरदात फार थोड्या झाडांचं असतं. पण हे वांझ नाही. बी पडतं आणि रुजतं. हवा ओलसर असेल आणि शेजारी मोकळं रान असेल, तर दाणे सुटण्याआधी तुरे कापून घरात फुलदाणीत ठेवावेत.

हवामानाचं गणित असं. अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या पट्ट्यांपैकी (आकडा जितका लहान तितकी थंडी कडक) पाच ते नऊ ही ‘कार्ल फोर्स्टर’ची छापील मर्यादा. पाचव्या पट्ट्यात सर्वांत कडक थंडी उणे २९ ते उणे २३ अंशांपर्यंत जाते, आणि प्रत्यक्षात चौथ्या पट्ट्यातही ते तगतं. थंडीची काळजी करूच नका. काळजी करायची ती दमट उकाड्याची. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी रात्रीही उकडतं. तिथे सी-३ गवत दिवसभरात कमावलेलं रात्रीच्या श्वसनात खर्च करून बसतं, आणि वर्षागणिक खंगत जातं. तिथे मिस्कँथस नाहीतर स्थानिक म्युली ग्रास जास्त शहाणपणाचं.

लागवड शक्यतो एप्रिल-मेमध्ये. शरदात करायची असेल तर जमीन गोठण्याच्या निदान सहा आठवडे आधी, म्हणजे मुळं धरायला अवधी मिळतो. माती चिकण असली तरी चालते. हा या गवताचा मोठा गुण आहे, बांधकामानंतर उरलेल्या घट्ट दबलेल्या मातीतही ते पाय रोवतं. पाणी हिवाळाभर तुंबून राहणारी जागा मात्र नको. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद आणि कुंडीइतकाच खोल. खोल खणून पोकळ माती भरली की रोप काही दिवसांनी खाली बसतं, ठोंबाचं तोंड मातीत गाडलं जातं आणि हिवाळ्यात कुजतं. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर चाकूनं गोळ्याला उभे तीन-चार काप द्यावेत. ठोंबाचा माथा जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर ठेवावा. लाकडी भुश्याचं आच्छादन पाच सेंटिमीटर, पण खोडाला टेकवायचं नाही. चार बोटं मोकळी जागा सोडायची.

आडोसा करायचा असेल तर दोन रोपांच्या मध्यांमधलं अंतर ६० सेंटिमीटर. सहा मीटर कुंपणाला कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून सुरुवात केली की दहा रोपं बसतात. सुटी शोभेची लावायची तर ७५ ते ९० सेंटिमीटर. रोपं लहान असताना ही अंतरं फार मोठी वाटतात आणि मोह होतो मधे एकेक खुपसायचा. तो आवरावा, कारण दाटीत हवा खेळत नाही आणि तांबेऱ्याचं घर तिथेच होतं.

पहिलं वर्ष पाण्याचं. पावसासकट आठवड्याला अडीच सेंटिमीटर पाणी हा नेहमीचा हिशोब. ६० सेंटिमीटरवर लावलेल्या एका रोपाला ते साधारण नऊ लिटर होतं. दोन वेळा मिळून, बुंध्याशी, सावकाश. दुसऱ्या वर्षापासून फक्त लांबलेल्या कोरड्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा खोल पाणी पुरतं.

खत? वसंतात ठोंबाभोवती दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट, एवढंच. आणि इथेच घरच्या बागा चुकतात, बहुधा नकळत. लॉनला टाकलेलं नत्राचं खत फिरत्या यंत्रातून उडून कडेच्या गवतावर पडतं. गव्हाला युरिया जास्त झाला की जे होतं तेच इथे मे महिन्यात होतं: पानं गडद, लुसलुशीत, कांड्या लांब आणि पोकळ, आणि जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात पीक लोळतं. सावलीतही हेच घडतं, कारण गवत उजेड शोधत ताणलं जातं. लोळलेल्या ठोंबाला काठ्या-दोऱ्या बांधणं हा त्या वर्षापुरता इलाज. कारण काढलं तर पुढच्या वर्षी ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. पावसानं ओथंबून वाकलं आणि सुकल्यावर सरळ झालं, तर तो दोष नव्हे.

छाटणी हे वर्षातलं एकमेव मोठं काम, आणि ते हिवाळा सरताना करायचं. शरदात कापू नका. एक तर सोनेरी काड्या हेच हिवाळ्यातलं देखणेपण, आणि दुसरं म्हणजे वाळलेली पानं ठोंबाच्या तोंडावर छपरासारखी राहतात. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, बर्फ ओसरला की, ठोंबाला कमरेएवढ्या उंचीवर सुतळीनं घट्ट आवळा. मग कुंपण छाटायच्या मोठ्या कात्रीनं १० ते १५ सेंटिमीटरवर कापा. बांधलेली पेंढी अख्खी हातात येते, काड्या वाऱ्यानं विखरत नाहीत. पानांच्या कडा धारदार असतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. काड्या कंपोस्टमध्ये टाकायच्या तर वीतभर तुकडे करून टाका, नाहीतर दोन वर्षं तशाच राहतात.

उशीर झाला तर काय? थोडा झाला तर नव्या पानांची टोकं कापली जातात आणि वर्षभर ती बोथट दिसतात, एवढंच. पण मेमध्ये कात्री लावली तर त्या वर्षीचे तुरे गेले. त्याचं कारण गव्हात पाहिलेलं आहे. गवताचा वाढीचा शेंडा सुरुवातीला जमिनीलगत सुरक्षित असतो. पीक कांडी धरायला लागलं की तो खोडातून वर चढतो आणि आतच इवलासा तुरा तयार होत असतो. मेमध्ये एक जाड फुटवा बुडापासून तोडून नखानं उभा चिरून बघा: आत पांढरट-हिरवी, मऊ, बोटाच्या पेराएवढी तुऱ्याची कळी दिसेल. कात्री त्याच्या खालून गेली की तो फुटवा त्या वर्षी निसवत नाही.

जूनमध्ये तुरा पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या आवरणातून, बाहेर येतो तेव्हा आधी मिटलेला, टोकदार. चार-आठ दिवसांत फांद्या फाकतात आणि तो पिसासारखा मोकळा, जांभळट धुक्यासारखा होतो. मग फुलोरा संपला की फांद्या पुन्हा दांड्याला चिकटतात, आणि उरते ती सडपातळ, गव्हाळ काठी. तुरे ‘बारीक झाले’ म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यात दाणा नसल्यानं पक्ष्यांना खाद्य मिळत नाही, फक्त आडोसा मिळतो. हरणं या गवताला सहसा तोंड लावत नाहीत, आणि अमेरिकेच्या उपनगरांत ही मोठीच सोय आहे.

आता तांबेरा. जूननंतर पानांवर नारिंगी ठिपके दिसले तर पान चिमटीत धरून ओढा. बोटांना हळदी-केशरी भुकटी लागली म्हणजे तांबेरा नक्की. गव्हाच्या शेतात फिरलेल्याला हा रंग सांगावा लागत नाही. बुरशीचे हे बीजाणू पान काही तास ओलं राहिलं की रुजतात. म्हणून संध्याकाळी चालणारा लॉनचा फवारा हे पहिलं कारण. त्याचं तोंड फिरवा, पाणी पहाटे आणि बुंध्याशी द्या, दाटी असेल तर मधला एक ठोंब काढा. थोडा तांबेरा दरवर्षी येतो आणि गवत तो सोसतं. त्यासाठी औषध फवारायची गरज नसते. फारच माखलं तर तुरे सोडून देऊन ठोंब १५ सेंटिमीटरवर कापावा, कापलेलं सगळं बागेबाहेर टाकावं. शरदाच्या गारव्यात स्वच्छ पानं फुटतात. वसंतातल्या छाटणीनंतर जुनं पाचट उचलणंही याच्यासाठीच महत्त्वाचं.

चार-पाच वर्षांनी ठोंबाच्या मधोमध टक्कल पडतं. घरी गवती चहा असेल तर हे ओळखीचं आहे: नवे फुटवे बाहेरच्या बाजूनं येतात, मधला भाग म्हातारा होऊन लाकडासारखा होतो. हा रोग नाही, ठोंब फोडायची वेळ झाली आहे एवढंच. फोडायचं मार्च-एप्रिलमध्ये, कोंब पाच ते दहा सेंटिमीटर झाले आणि माती वाफशावर आली (ओलसर, पण हाताला न चिकटणारी झाली) की. सप्टेंबरची सुरुवातही चालते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र अजिबात नाही, तेव्हा गवत विश्रांतीत असतं आणि तुटलेली मुळं पुन्हा धरत नाहीत. मिस्कँथस याच्या उलट, ते मेमध्ये फोडायचं. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याच्या घाईत एकाचा तरी बळी जातो.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. ठोंबापासून वीतभर अंतर सोडून फावडं २० ते २५ सेंटिमीटर खोल, चारही बाजूंनी. मग एका बाजूनं उचकटायचं. जुना ठोंब जड असतो, आडवा पाडून त्यावरची माती झटकावी म्हणजे फुटवे कुठे आहेत ते दिसतं. धारदार फावडं किंवा फांद्या कापायची करवत घेऊन चार भाग करा. प्रत्येक भागात निदान आठ-दहा जिवंत फुटवे आणि मूठभर मुळं हवीत. दोन-तीन फुटव्यांचे तुकडे जगतात, पण त्यांना तुरा यायला दोन वर्षं लागतात. मधला लाकडी भाग फेकून द्या. मुळं उघड्यावर सुकू देऊ नका, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा.

कुंडीत लावायचं असेल तर तोंड ४५ सेंटिमीटर तरी हवं, आणि जिथली थंडी सहाव्या पट्ट्यातली असेल तिथे कुंडीतलं रोप चौथ्या पट्ट्यात असल्यासारखं समजावं, कारण मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. हिवाळ्यात कुंडी भिंतीला टेकवून भोवती पोतं गुंडाळावं.

शेवटी, परदेशातल्या बागेत हे पाहून पुण्या-नाशिकला नेता येईल का, असं पुष्कळांना वाटतं. नेऊ नका. तिथली थंडी जेमतेम, एप्रिल-मे चाळिशीजवळचा आणि मग चार महिने ओल. रब्बीच्या स्वभावाच्या या गवताला उन्हाळा खंगवील आणि पावसाळ्यात तांबेरा धरेल. शिवाय परवान्याशिवाय रोप किंवा मुळं भारतात आणता येत नाहीत. तशी उभी, ठोंबाची रेष हवी असेल तर वाळा लावा. पान दीड मीटरपर्यंत जातं, मुळं सरळ खाली उतरतात, बांध धरून ठेवतात, आणि उन्हाची त्याला काहीच अडचण नाही. फक्त वेळापत्रक उलटं धरायचं: वाळा सी-४ आहे, त्याची छाटणी आणि फोडणी पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये.